फुकट वाटायच्या चित्रांचा खर्च कोणी उचलायचा?

माणिकपूर-नवघर परिसरात डिझाइनच्या कामावर पोट असलेली माणसं कमी नाहीत. फ्लेक्स छापणारी दुकानं आहेत, लग्नपत्रिकांचे डीटीपीवाले आहेत, वसई पूर्वेच्या औद्योगिक गाळ्यांत लेझर कटिंग करणारे आहेत आणि घरी टॅबलेटवर चित्रं काढणारी कॉलेजची मुलंही आहेत. त्यांच्या संगणकांत साठलेलं काम पाहिलं की थक्क व्हायला होतं. मखराचे कटिंगचे आराखडे, आकाशकंदिलाचे साचे, नाताळच्या गोठ्यासाठी तारे आणि देवदूत, शिवजयंतीच्या बॅनरच्या चौकटी, हाताने रेखलेल्या किनारी. सण उलटला की हे सगळं हार्ड डिस्कमध्ये पडून राहतं. ते दुसऱ्यांना फुकट द्यायला अनेक जण मनापासून तयार असतात. गाडी अडते ती एका प्रश्नावर : ठेवायचं कुठे आणि त्याचे पैसे कोणी भरायचे?

गेल्या पंधरा-वीस वर्षांत या प्रश्नाला बरीच उत्तरं तयार झाली. काही टिकली, काही बुडाली. त्या सगळ्यांकडे एकत्र पाहिल्यावर माझं मत असं झालं आहे की मोफत कलाफाइलींचा खर्च होस्टिंग कंपनीच्या दरपत्रकापेक्षा फाइलीच्या परवान्यावर जास्त अवलंबून असतो. ज्या फाइलीवर ‘कोणीही वापरा, बदला, पुढे वाटा’ असं कायदेशीर शब्दांत लिहिलेलं आहे, तिला सांभाळणारे जगात पुष्कळ आहेत. ज्या फाइलीवर काहीच लिहिलेलं नाही, तिच्या जागेचं भाडं मालकालाच जन्मभर भरावं लागतं.

आधी वजन मोजावं

जागा शोधण्याआधी माल किती जड आहे ते पाहायला हवं. दहा बाय सहा फुटांचा बॅनर ७२ रिझोल्यूशनवर केला, तर तो ८,६४० बाय ५,१८४ पिक्सेलचा होतो, म्हणजे जवळपास साडेचार कोटी पिक्सेल. छपाईच्या चार रंगांत एकच थर धरला तरी न दाबलेली फाइल १७९ एमबीच्या घरात जाते. पीएसडीमध्ये असे दहा-बारा थर सहज असतात. उलट, आकाशकंदिलाचा कटिंगचा साचा नुसत्या रेषांचा असतो. तो एसव्हीजीमध्ये ठेवला तर काही शे केबीत बसतो आणि कितीही मोठा केला तरी फाटत नाही.

म्हणून पहिली बचत घरीच होते. जे रेषांत मांडता येतं ते रेषांतच द्यावं. सीडीआर फाइल उघडायला कोरलड्रॉ लागतं, ते सगळ्यांकडे नसतं. सोबत एसव्हीजी आणि पीडीएफ दिली तर इंकस्केपसारख्या मोफत सॉफ्टवेअरवर काम करणाऱ्या विद्यार्थ्यालाही फाइल उघडता येते. पूर्वदृश्यासाठी छोटी जेपीजी वेगळी ठेवावी, म्हणजे नुसतं बघायला आलेल्या माणसावर जड फाइल उतरवून घ्यायची वेळ येत नाही.

आजची सवय : ड्राइव्ह, व्हॉट्सॲप, टेलिग्राम

आज आपल्याकडची बहुतेक देवाणघेवाण या तीन मार्गांनी होते. व्हॉट्सॲपवर चित्र फोटो म्हणून पाठवलं की ते दाबलं जातं आणि छपाईच्या कामाचं राहत नाही. डॉक्युमेंट म्हणून २ जीबीपर्यंतची फाइल जशीच्या तशी जाते, पण ग्रुपमधल्यांनाच. टेलिग्रामच्या चॅनलवर बॅनरच्या फाइली भरपूर फिरतात. त्यात मूळ कोणाचं काम, कोणत्या अटीवर दिलेलं, हे दुसऱ्या-तिसऱ्या फॉरवर्डलाच पुसलं जातं. शिवाय गुगलवर शोधणाऱ्याच्या हाती ते सहसा लागत नाही.

गुगल ड्राइव्हवर १५ जीबी फुकट मिळतात, पण त्यात जीमेल आणि फोटोही आले. एखादी फाइल खूप जणांनी उतरवली की मर्यादा ओलांडल्याची सूचना येऊन ती काही काळ बंद होते, आणि नेमकं हे सणाच्या आठवड्यात होतं. ड्राइव्हच्या फोल्डरमधूनच छोटी वेबसाइट चालवायची सोयही पूर्वी होती. गुगलने ती ३१ ऑगस्ट २०१६ रोजी बंद केली. ओळखीच्या चार जणांना फाइल द्यायला ड्राइव्ह उत्तम आहे. अनोळखी हजारांना द्यायला ते केलेलंच नाही.

भाड्याची जागा आणि तिच्या अटी

दुसरा मार्ग शेअर्ड होस्टिंगचा. जाहिरातीत महिन्याला शंभर-दीडशे रुपये आणि ‘अमर्याद जागा’ असं दिसतं. तो दर बहुधा तीन-चार वर्षांचे पैसे एकरकमी भरल्यावर मिळतो, नूतनीकरणाला तो वाढतो आणि वर १८ टक्के जीएसटी लागतो. ‘अमर्याद’ या शब्दाखाली अटींच्या पानावर सहसा आणखी दोन गोष्टी असतात : फाइलींच्या संख्येवर मर्यादा आणि ही जागा फाइली साठवण्याचं कोठार म्हणून वापरू नये अशी सूचना. मोफत कलाफाइलींची साइट नेमकी तेच करते. वर्डप्रेसवरच्या लेखांसाठी ही जागा चालते. सणाच्या दिवसांत शेकडो लोक झिप उतरवू लागले की खातं थोपवलं जाण्याचा धोका राहतो.

तिसरा मार्ग साध्या स्थिर पानांचा. ज्या साइटवर डेटाबेस नाही, फक्त चित्रं, मजकूर आणि दुवे आहेत, ती अनेक सेवा फुकट चालवतात. गिटहब पेजेसवर साइट १ जीबीपर्यंत आणि महिन्याची वाहतूक १०० जीबीपर्यंत ठेवावी अशी अपेक्षा असते. क्लाउडफ्लेअर पेजेसवर वाहतुकीला मर्यादा नाही, पण एकेक फाइल २५ एमबीच्या आत लागते. २०१३ मध्ये सुरू झालेलं निओसिटीज हे हाताने साइट रचणाऱ्या हौशी मंडळींचं ठिकाण आहे. तिथे १ जीबी फुकट आणि महिन्याला ५ डॉलर भरले तर ५० जीबी मिळते. कलादालनाचं दर्शनी पान उभं करायला यातलं कोणतंही पुरतं. जड माल मात्र दुसरीकडे ठेवावा लागतो.

खरा खर्च वाहतुकीचा

होस्टिंगच्या हिशेबात माणसं जागेचा दर पाहतात आणि वाहतुकीचा विसरतात. एक उदाहरण मांडून पाहू. कंदिलांच्या साच्यांची झिप ४० एमबीची आहे. दिवाळीच्या पंधरवड्यात ती ५,००० जणांनी उतरवली, तर २०० जीबी माल बाहेर गेला. ॲमेझॉनची एस-३ ही साठवण सेवा मुंबईतल्या सर्व्हरवरून वापरली, तर महिन्याला पहिले १०० जीबी माफ आणि पुढे जीबीमागे सुमारे ११ सेंट पडतात. म्हणजे अकरा डॉलरच्या आसपास, साधारण हजार रुपये. एवढे सोसता येतात. पण एखाद्या लोकप्रिय पानाने दुवा दिला आणि आकडा ५०,००० वर गेला, तर २ टीबीचं बिल दोनशे डॉलरच्या वर जातं. फुकट दिलेल्या भेटीपायी अठरा हजारांच्या आसपास रुपये. काम जितकं आवडेल तितका दंड मोठा, असा हा हिशेब आहे. म्हणून मोफत वाटणाऱ्याने वाहतुकीवर दर लावणारी सेवा विचार केल्याशिवाय घेऊ नये.

याला उत्तर निघालं ते वाहतूक माफ करणाऱ्या साठवणीतून. क्लाउडफ्लेअरच्या आर-२ सेवेत १० जीबीपर्यंतची साठवण फुकट आहे, पुढे जीबीला महिन्याला दीड सेंट, आणि बाहेर जाणाऱ्या मालावर आकार नाही. वरची ४० एमबीची झिप तिथून पन्नास हजार वेळा गेली तरी वाहतुकीचं बिल शून्य. बॅकब्लेझची बी-२ सेवा १ टीबीला महिन्याला ६ डॉलर घेते आणि साठवलेल्या मालाच्या तिप्पट वाहतूक माफ करते. या रचनेवर किती मोठा संसार चालतो याचा दाखला म्हणजे पॉली हेवन. त्रिमिती कामासाठी लागणारे पृष्ठपोत आणि प्रकाशचित्रं सीसी-० या विनाअट परवान्याने फुकट देणारं हे ठिकाण आहे. महिन्याला सुमारे ८० टीबी वाहतूक आपण ४०० डॉलरच्या आत कशी चालवतो, याचा हिशेब त्यांनी स्वतःच उघड मांडला होता.

पैसे भरायच्या बाबतीत आपल्याकडे एक वेगळी अडचण आहे. १ ऑक्टोबर २०२१ पासून रिझर्व्ह बँकेचे कार्डावरच्या आवर्ती वसुलीचे नवे नियम लागू झाले आणि अनेक परदेशी सेवांची आपोआप होणारी वसुली भारतीय कार्डांवर अडू लागली. खात्यात पैसे असूनही सेवा थांबण्याची वेळ येऊ शकते. त्यामुळे शक्य तिथे वर्षाचे पैसे आगाऊ भरावेत किंवा यूपीआय घेणारा भारतीय विक्रेता निवडावा, आणि मुदतीची तारीख स्वतःच्या कॅलेंडरमध्ये टाकून ठेवावी.

सार्वजनिक कोठारं

आता त्या ठिकाणांकडे येऊ, जिथे ठेवणाऱ्याकडून पैसे घेतच नाहीत, कारण सांभाळणं हेच त्यांचं काम आहे.

विकिमीडिया कॉमन्स सप्टेंबर २००४ मध्ये सुरू झालं. आज तिथे दहा कोटींहून जास्त फाइली आहेत. एसव्हीजी, पीएनजी, टिफ, पीडीएफ, इतकंच काय जिम्पची एक्ससीएफसुद्धा चालते. पीएसडी, सीडीआर आणि झिप चालत नाही. दोन अटी कडक आहेत. एक, चित्राचा शैक्षणिक उपयोग दाखवता आला पाहिजे. वसईच्या किल्ल्याचं रेखाचित्र, रांगोळीच्या ठिपक्यांचे नमुने, कंदील कसा बांधायचा याची आकृती इथे शोभेल. वाढदिवसाच्या बॅनरची सोनेरी पार्श्वभूमी बहुधा टिकणार नाही. दोन, ‘व्यापारी वापरास मनाई’ असलेला परवाना चालत नाही.

१९९६ पासूनचं इंटरनेट आर्काइव्ह जास्त उदार आहे. तिथे झिप, पीएसडी, व्हिडिओ सगळं ठेवता येतं आणि प्रत्येक संग्रहाचा टोरेंट आपोआप तयार होतो. आपल्याकडून वेग अनेकदा कमी मिळतो. गिटहबच्या ‘रिलीज’ विभागात २ जीबीपर्यंतची एकेक फाइल फुकट ठेवता येते, आणि जुनी-नवी आवृत्ती नीट लावलेली राहते. संगणकावरच्या खेळांसाठी चित्रं काढणाऱ्यांना २००९ पासूनचं ओपनगेमआर्ट आहे, आणि ‘द्यायचे तर द्या’ या तत्त्वावर फाइली देता येतात ते इच डॉट आयओ आहे.

मराठी अक्षरांनी दाखवलेली वाट

मोफत डिजिटल कला नीट वाटण्याचं काम महाराष्ट्रात कोणी करून दाखवलं असेल, तर ते अक्षरकारांनी. फाँट हीसुद्धा चित्रांचीच फाइल. र. कृ. जोशी यांनी मुंबईतल्या राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्रात, जे पुढे सी-डॅकमध्ये विलीन झालं, ‘रघु’ हा देवनागरी फाँट घडवला आणि तो मुक्त परवान्याने सर्वांना मिळाला. आयआयटी मुंबईतून ‘शोभिका’ आला. संस्कृतच्या अभ्यासाला लागणारी अवघड जोडाक्षरं त्यात आहेत आणि तो गिटहबवर ओपन फाँट लायसन्सखाली ठेवलेला आहे. मुंबईच्या एक टाइप या संस्थेने ‘मुक्त’, ‘बलू’ आणि २०२२ मध्ये दहा लिप्यांत चालणारा ‘अनेक’ असे फाँट त्याच परवान्याने खुले केले. ते गुगल फाँट्सवरून रोज असंख्य मराठी पानांवर उमटतात.

या फाँटांच्या वाहतुकीचं बिल अक्षरकारांच्या नावावर निघत नाही. परवाना खुला असल्यामुळे गुगल ते वाटू शकतं, लिनक्सच्या वितरणांत ते बांधता येतात, एखाद्या महाविद्यालयाला स्वतःच्या सर्व्हरवर प्रत ठेवता येते. उद्या एक ठिकाण बंद पडलं तरी फाँट दुसऱ्या चार ठिकाणी असतो. पूर्वी विकतच्या फाँटांच्या चोरट्या प्रती पेनड्राइव्हवरून फिरत, तेव्हा निर्मात्यालाही काही मिळत नसे आणि वापरणाऱ्यालाही उजळ माथ्याने वापरता येत नसे. खुल्या परवान्याने दोघांनाही मोकळं केलं. बॅनर आणि कंदिलांच्या बाबतीत आपण हे अजून केलेलं नाही.

परवाना लिहिताना

खुल्या परवान्यांचे तयार मसुदे देणाऱ्या क्रिएटिव्ह कॉमन्स संस्थेचे भारतासाठीचे परवाने २००७ मध्ये आयआयटी मुंबईतच जाहीर झाले. आज त्यांची जगभर चालणारी चौथी आवृत्ती वापरावी. ‘सीसी बाय’ म्हणजे नाव द्या आणि हवं ते करा. ‘सीसी-०’ म्हणजे नावाचीही अट नाही. आपल्या कायद्यातही निर्मात्याला जाहीर सूचना देऊन हक्क सोडता येतो, तशी तरतूद कॉपीराइट कायद्याच्या कलम २१ मध्ये आहे.

पुष्कळ जण सावधगिरी म्हणून व्यापारी वापराला मनाई करतात. हेतू समजण्यासारखा आहे, पण परिणाम पाहा. ज्याला तो साचा सर्वांत जास्त उपयोगी, तो माणिकपूरचा फ्लेक्सवाला किंवा महिला बचतगटातली कंदील विकणारी बाई कायद्याने तो वापरू शकत नाही, कारण त्यांचं काम व्यापारीच आहे. वर विकिमीडिया कॉमन्सचं दारही बंद होतं. मोफत द्यायचंच आहे, तर नावाच्या अटीवर थांबावं.

हक्क आपला असेल तेव्हाच तो देता येतो, हेही तितकंच महत्त्वाचं. भारतात चित्राचा कॉपीराइट कलावंताच्या निधनानंतरच्या वर्षापासून ६० वर्षं राहतो. राजा रविवर्मा १९०६ मध्ये गेले आणि एम. व्ही. धुरंधर १९४४ मध्ये, म्हणून त्यांची चित्रं आज सर्वांची आहेत. दीनानाथ दलाल १९७१ मध्ये गेले. दिवाळी अंकांवरच्या त्यांच्या लावण्यमयी स्त्रिया १ जानेवारी २०३२ पर्यंत मोफत संग्रहात घालता येणार नाहीत, कितीही जुन्या वाटल्या तरी.

आपल्या पालघर जिल्ह्यात तर हा प्रश्न दारातलाच आहे. नेटवर ‘वारली व्हेक्टर’ म्हणून शेकडो फाइली फुकट फिरतात. यातली किती चित्रं एखाद्या पाड्यावरच्या कलावंताच्या कागदावरून गिरवलेली आहेत, हे कोणी विचारत नाही. डहाणू तालुक्यातल्या गंजाडचे जिव्या सोमा मशे यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली, २०१८ मध्ये ते गेले. त्यांच्या चित्रांवरचा हक्क अजून अनेक दशकं त्यांच्या वारसांचा आहे. वारली चित्रकलेला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं आहे. जी गोष्ट आपली नाही ती उदारपणे वाटण्यात काही मोठेपणा नाही. संग्रहात वारली चित्रं हवीत तर ती काढणाऱ्याला विचारून, मानधन देऊन, त्याच्या नावानिशी ठेवावीत. तसंच विकतच्या फाँटची फाइल झिपमध्ये घालू नये, अक्षरं कर्व्ह करून द्यावीत, आणि नेटवरून उचललेले देवादिकांचे नि पुढाऱ्यांचे फोटो काढून टाकावेत.

बंद पडणारी दारं

फुकट सेवा बंद होतात, हे गृहीत धरूनच मांडणी केली पाहिजे. जिओसिटीज ऑक्टोबर २००९ मध्ये बंद झालं आणि लाखो हौशी पानं गेली. जी वाचली ती स्वयंसेवकांनी धावपळ करून उतरवून घेतली म्हणून. फोटोबकेटने २०१७ मध्ये बाहेरच्या पानांवर चित्रं दाखवायला वर्षाला ३९९ डॉलर मागितले, तेव्हा जगभरच्या जुन्या चर्चांमधली चित्रं एका रात्रीत दिसेनाशी झाली. फ्लिकरने २०१९ पासून मोफत खात्याला हजार चित्रांची मर्यादा घातली. सीसी-० चित्रांचं ओपनक्लिपआर्ट २०१९ मध्ये हल्ल्यांमुळे कित्येक महिने ठप्प होतं. इंटरनेट आर्काइव्हही ऑक्टोबर २०२४ मध्ये हल्ल्यामुळे काही काळ बंद पडलं.

भारतात आणखी एक धोका असतो. डिसेंबर २०१४ मध्ये सरकारी आदेशाने ३२ संकेतस्थळं अडवली गेली, त्यात इंटरनेट आर्काइव्ह आणि गिटहबचा काही भाग होता. ऑगस्ट २०१७ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाच्या आदेशामुळे आर्काइव्ह पुन्हा अडलं. दोन्ही वेळी ते परत खुलं झालं, पण तेवढ्या दिवसांत ज्याची एकुलती एक प्रत तिथे होती त्याच्या हाती काही राहिलं नाही.

मग घरीच सर्व्हर का ठेवू नये, असं तरुण मंडळी विचारतात. शिकण्यासाठी जरूर ठेवावा. पण आपल्या बहुतेक ब्रॉडबँड जोडण्यांना स्वतंत्र आयपी पत्ता मिळत नाही, आणि पावसाळ्यात विजेचा भरवसा नसतो. जुलै २०१८ च्या पुरात वसईत घराघरांत पाणी होतं, रेल्वे बंद होती आणि वीज गेली होती. सार्वजनिक कामाची एकमेव प्रत अशा ठिकाणी ठेवू नये.

जमेल अशी मांडणी

या सगळ्यातून एक साधी रचना निघते, आणि ती एकट्या डिझायनरच्या खिशाला झेपते.

पैसे फक्त डोमेनसाठी भरावेत. ‘.in’ चं नूतनीकरण वर्षाला साधारण पाचशे ते हजार रुपयांत होतं. २०१४ पासून देवनागरीतलं ‘.भारत’ही मिळतं. फुकट डोमेनच्या नादी लागू नये. ‘.tk’ सारखी नावं फुकट देणाऱ्या फ्रीनॉमने २०२३ मध्ये नवी नोंदणी थांबवली आणि पुढे धंदाच सोडला. स्वतःचं नाव हाती असलं की मागची जागा कितीही वेळा बदलली तरी लोकांकडचे दुवे तुटत नाहीत.

त्या नावावर मोफत स्थिर साइट ठेवावी. जड झिपा आर-२ मध्ये किंवा गिटहबच्या रिलीजमध्ये ठेवाव्यात आणि त्यांची दुसरी प्रत इंटरनेट आर्काइव्हवर द्यावी. शैक्षणिक उपयोगाचं जे असेल ते विकिमीडिया कॉमन्सवर, मराठी वर्णनासह चढवावं, कारण ‘आकाशकंदील’ असं मराठीत शोधणाऱ्या मुलाला ते सापडलं पाहिजे. प्रत्येक झिपमध्ये एक मजकुराची फाइल असावी : कोणी केलं, कधी केलं, परवाना कोणता, मूळ पत्ता कोणता. घरच्या हार्ड डिस्कवर मूळ थरांसह प्रत ठेवावीच.

यापुढचं पाऊल एकट्याने टाकण्यासारखं नाही. एका शहरातल्या दहा डिझायनरांनी मिळून एक डोमेन घेतलं, तर माणशी वर्षाला शंभर रुपयांच्या वर पडत नाहीत. वाचनालयं, कला महाविद्यालयं आणि परिसरातल्या शाळा याला जागा देऊ शकतात. राज्य मराठी विकास संस्थेसारख्या संस्थेने सण, लोककला आणि अक्षरांच्या खुल्या फाइलींची एक प्रत सांभाळायचं मनावर घेतलं, तर संस्थेच्या एकूण कामात तो खर्च जाणवणारही नाही.

सुरुवातीला शंभर फाइली लागत नाहीत. पूर्णपणे स्वतः काढलेला एक साचा निवडावा, त्यावर परवाना लिहावा आणि तो दोन ठिकाणी चढवावा. तेवढं झालं की तो साचा वसईच्या एका संगणकावर अवलंबून राहत नाही. सोलापूरची शाळा तो कापू शकते, बेळगावचा छपाईवाला तो छापू शकतो, न्यू जर्सीचं मराठी मंडळ त्यात आपली भर घालून परत देऊ शकतं. त्यांच्यापैकी प्रत्येकाकडे एक प्रत राहते, आणि मूळ काढणाऱ्याच्या खिशातून जातात ते फक्त डोमेनचे पैसे.